मेळघाटच्या दवाखान्यात कोरकू बोलणारी एक बाई द्या

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग आणि आदिवासी विकास विभाग,
महाराष्ट्र शासन

सविनय नमस्कार.

मी जिल्हा परिषदेची निवृत्त आरोग्यसेविका. १९९१ साली, सव्वीस वर्षांची असताना, चिखलदरा तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर रुजू झाले आणि २०२३ साली निवृत्त झाले. मधली काही वर्षं खाली सपाटीवर अचलपूरकडे गेली, बाकी सगळी नोकरी मेळघाटात. इतकी वर्षं मी आपल्याला अहवाल पाठवले. दरमहा, ठरलेल्या नमुन्यात, ठरलेल्या तारखेला. त्या नमुन्यात ज्या गोष्टीसाठी रकाना नव्हता, ती आज लिहिते आहे.

मागणी आधीच सांगून टाकते. मेळघाटातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात आणि धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात कोरकू बोलणारी एक बाई दिवसपाळीला आणि एक रात्रपाळीला पगारावर नेमा. तिला इंजेक्शन देता आलं नाही तरी चालेल. आलेल्या माणसाचं नीट ऐकून डॉक्टरांना सांगायचं, आणि डॉक्टर काय म्हणाले ते त्या माणसाला पटेपर्यंत सांगायचं, एवढंच तिचं काम.

हे मला कुठे उमगलं ते सांगते.

२०१७ चा श्रावण होता. एका गावात अकरा महिन्यांचं लेकरू सापडलं. दंडाला पट्टी लावली तर साडेदहा सेंटिमीटर. साडेअकराच्या खाली गेलं की पट्टीवर लाल रंग दिसतो, म्हणजे तीव्र कुपोषण, आमच्या बोलीत 'सॅम'चं बाळ. अंगात ताप, छाती वाजत होती. आई वीस-एकवीस वर्षांची. तिला आणि तिच्या नवऱ्याला गाडीत घालून मी दवाखान्यात नेलं. कोणत्या, ते लिहीत नाही, कारण तिथल्या कुणाचा दोष मला काढायचा नाही. ड्यूटीवर मराठवाड्यातला बंधपत्रित डॉक्टर होता, म्हणजे शिक्षणानंतर ठरलेला काळ सरकारी नोकरी करायला बांधलेला, शिकून नुकताच बाहेर पडलेला. भला मुलगा. जेवणाचं ताट बाजूला सारून उठला.

मी दुसऱ्या खोलीत रजिस्टर भरत होते. परत आले तेव्हा ती आई पलंगाशी उभी राहून सारखी म्हणत होती, "कोन... कोन..." आणि डॉक्टर मान हलवून सांगत होता, "मी डॉक्टर. डॉक्टर आहे मी." मग त्याने आपलं नावही सांगितलं. आम्ही वऱ्हाडात 'कोण'ला 'कोन'च म्हणतो, त्यामुळे शेजारच्या सिस्टरलाही काही वावगं वाटलं नाही. बाई विचारते आहे, तू कोण, आणि हा सांगतो आहे.

कोरकूत 'कोन' म्हणजे लेक, मुलगा. ती आपल्या पोराबद्दल बोलत होती. माझं पोर, माझं पोर, असं.

मी ते डॉक्टरला सांगितलं तेव्हा तो खाली पाहत राहिला. म्हणाला, "सिस्टर, मला हे कुणी शिकवलंच नाही." खरं होतं. त्याला मेडिकल कॉलेजात साडेचार वर्षं हजार गोष्टी शिकवल्या, आणि ज्या लोकांत पाठवला त्यांचा एक शब्द शिकवला नाही.

मला त्याच संध्याकाळी उपकेंद्रावर परतावं लागलं. दुसऱ्या दिवशी लसीकरणाचं सत्र होतं. जाताना आईला कोरकूत सांगितलं की चौदा दिवस राहावं लागेल. पण घाईत सांगितलं, उभ्या उभ्या सांगितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पलंग रिकामा होता. केसपेपरवर बापाचा अंगठा, आणि वर लिहिलेलं: 'पालकांनी उपचारास नकार दिला.' दवाखान्यात याला 'डामा' म्हणतात. हा शब्द मी माझ्या नोकरीत शेकडो कागदांवर वाचला असेल.

नवव्या दिवशी मी त्या गावी गेले. लेकरू दोन दिवसांपूर्वी गेलं होतं.

मी तिच्या ओट्यावर बसले. एक तासभर ती काही बोलली नाही. मग बोलली ते मी तिच्या शब्दांतून मराठीत आणते: "तुम्ही म्हणता याच्या अंगात रक्त नाही. मग रोज सकाळी सुई लावून रक्त काढता कशाला?"

या प्रश्नात अज्ञान कुठे आहे, मला सांगा. रक्त कमी आहे हे तिला सांगितलं गेलं होतं, आणि रक्त काढलं जाताना ती डोळ्यांनी पाहत होती. तिने दोन्ही गोष्टी जोडल्या आणि आई म्हणून जे करायचं ते केलं. थेंबभर रक्त तपासून औषध ठरवतात, ते कमी होत नाही, हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं. सांगणारं कुणी नव्हतं. घरी तिचं तीन वर्षांचं दुसरं मूल शेजारणीकडे ठेवलेलं होतं, हेही कुणी विचारलं नाही. दवाखान्यात राहिल्याबद्दल तिला बुडीत मजुरी मिळते, हे तिला माझ्याकडून कळलं, तेव्हा लेकराला जाऊन दोन दिवस झाले होते.

त्या कागदावरचं वाक्य खोटं आहे असं मी म्हणत नाही. तिने नकार दिला हे खरं. पण कशाला नकार दिला, हे तिला माहीत नव्हतं. न कळलेल्या गोष्टीला दिलेला नकार हा नकार धरायचा का, हा प्रश्न मी आपल्यापुढे ठेवते आहे.

आता कोरकूबद्दल थोडं. मुंबईत बसून फायली पाहणाऱ्या अनेकांना वाटतं की कोरकू ही मराठीची किंवा हिंदीची एखादी बोली असेल, थोडी वाकडी, पण कान दिला की समजणारी. तसं नाही. कोरकू मुंडा कुळातली आहे. संथाळी, मुंडारी, हो या तिच्या बहिणी, आणि त्या साऱ्या पूर्वेला झारखंड-ओडिशाकडे. या कुळातली सगळ्यात पश्चिमेला राहिलेली भाषा म्हणजे कोरकू. मराठीशी तिचं रक्ताचं नातंच नाही. पाणी म्हणजे 'दा'. घर म्हणजे 'उरा'. दुखणं म्हणजे 'कासू'. कितीही कान दिला तरी मराठी माणसाला यातलं काही उमगणार नाही. २०११ च्या जनगणनेत सव्वासात लाखांहून जास्त लोकांनी ही आपली मातृभाषा म्हणून नोंदवली, बहुतेक मध्य प्रदेशात आणि आपल्याकडे. संथाळीला २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत जागा मिळाली. कोरकूला मिळालेली नाही. ते माझ्या हातातलं नाही आणि आपल्याही नसेल. पण ओपीडीच्या दाराशी कोण बसतं, हे आपल्या हातात आहे.

यावर मला नेहमी जी उत्तरं मिळाली ती मला पाठ आहेत.

पहिलं उत्तर, आता सगळ्यांना हिंदी-मराठी येतं. बाजाराला जाणाऱ्या पुरुषांना येतं, हे खरं. आश्रमशाळेत शिकलेल्या पोरींनाही येतं. पण मिरची-तेलाचा भाव करायला लागणारी भाषा वेगळी आणि "मूत्राशयाच्या जागी जळजळतं, आणि हे मी नवऱ्यासमोर सांगू शकत नाही" हे सांगायला लागणारी भाषा वेगळी. मी वऱ्हाडातली, मला हिंदी चांगलं येतं. पण प्रसूतीच्या कळा आल्या तेव्हा मी हिंदीत ओरडले नव्हते. दुखणं आईच्याच भाषेत बोलतं. आणि जिच्या मुलाचा जीव घशाशी आला आहे, तिच्याकडून परक्या भाषेत सगळं समजून घेण्याची अपेक्षा करणं बरोबर नाही.

दुसरं उत्तर, आशा आहे ना. आहे. आशाताई नसत्या तर मेळघाटात काय झालं असतं याची कल्पनाही करवत नाही. पण आशा बाईला दवाखान्याच्या दारापर्यंत आणते आणि परत फिरते, कारण तिच्या गावात आणखी तीन गरोदर बाया आहेत आणि तिच्या स्वतःच्या घरी चूल पेटायची आहे. रात्री दोन वाजता वॉर्डात सलाईन संपतं तेव्हा ती तिथे नसते. पळून जायचा विचार रात्री येतो, हे मी बत्तीस वर्षं पाहिलं आहे. दिवसा नातेवाईक, गलका, डॉक्टर असतात. रात्री ट्यूबलाइटखाली एकटी आई असते, आणि ज्याला ती काही विचारू शकेल असं माणूस नसतं.

तिसरं उत्तर, आता टेलिमेडिसीन आलं. पडद्यावर तज्ज्ञ डॉक्टर दिसतात, त्याचा उपयोग मी स्वतः केला आहे. पण पडद्यावरचे डॉक्टर मराठीत विचारतात आणि समोर बसलेली बाई गप्प राहते. मध्ये बसून मीच दोन्हीकडचं सांगायचे. मी तिथे नसते त्या दिवशी कोण सांगतं?

मला स्वतःला कोरकू कुणी सरकारने शिकवली नाही. पहिली दीड वर्षं मी हातवारे करून काढली. बाया माझ्याकडे यायच्या नाहीत, आणि मला वाटायचं या लोकांना आरोग्याची किंमत नाही. ते मी डायरीतही लिहून ठेवलं होतं. आज वाचते तेव्हा फार वाईट वाटतं. मग गावातल्या म्हाताऱ्या दाईने मला धरलं. तिने तिच्या हयातीत किती बाळंतपणं केली याचा हिशेब तिलाही नव्हता. ती मला एकेक अवयवाला हात लावून शब्द सांगायची आणि माझ्याकडून घोकून घ्यायची. चुकले की माझ्या मनगटावर टिचकी. मी तिला हात धुण्याचं, नवं ब्लेड वापरण्याचं, बाळाला जन्मल्याबरोबर पुसून आईच्या छातीशी देण्याचं सांगितलं. तिने मला भाषा दिली. असा आमचा सौदा होता. दोन वर्षांत माझ्या उपकेंद्राच्या ओट्यावर बाया येऊन बसू लागल्या. औषधं तीच होती, खोली तीच होती, छप्परही तसंच गळकं होतं.

१९९३ साली मेळघाटातले बालमृत्यू वर्तमानपत्रांत आले तेव्हा मी तिथेच होते. गाड्यांचे ताफे आले. १९९५ साली नवसंजीवन योजना आली, त्यातून भरारी पथकं आली, पाडा स्वयंसेवक आले. पुढे माहेरघर आलं, २०१५ साली अमृत आहार योजना आली. उच्च न्यायालयात किती वेळा सुनावण्या झाल्या त्याची गणती नाही. यातली एकही योजना वाईट नव्हती, हे मी मनापासून लिहिते. अमृत आहारात गरोदर बाईला दिवसातून एक वेळचं गरम जेवण अंगणवाडीत मिळू लागलं, त्याने माझ्या गावांत फरक पडलेला मी वजनकाट्यावर पाहिला. माहेरघरही फार चांगली कल्पना आहे. बाळंतपणाच्या आधी चार दिवस बाईने दवाखान्याजवळ येऊन राहायचं, सोबत धाकटं मूल आणि एक नातेवाईक. पावसाळ्यात सिपना, खापरा, गडगा या नद्या-नाल्यांना पूर आला की गावं तुटतात, तेव्हा दुसरा इलाजच नाही. पण खाटा रिकाम्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. बाया म्हणायच्या, तिथे दिवसभर कुणाशी बोलायचं? आपल्याला हे किरकोळ वाटेल. नऊ महिने भरलेल्या, पहिलटकरीण, कधी गाव न सोडलेल्या पोरीला ते किरकोळ नाही.

वॉर्डातल्या भिंतीवरच्या तक्त्याचंही सांगते. आईने काय खावं, तर चित्रात सफरचंद, पनीर, ब्रेडचे काप. ती आई तिच्या आयुष्यात कुटकी, कोदो, सावा खाऊन वाढलेली. मोहफुलं, रानातले कंद, पावसाळ्यातल्या रानभाज्या, नाल्यातले खेकडे आणि मासे हे तिचं अन्न. ते काही कमी कसाचं नाही, उलट ते ताटातून कमी होत गेलं हेच दुखणं आहे. कुटकीच्या जागी सोयाबीन आलं, सोयाबीन विकून पाकिटातली बिस्किटं आली. तिच्या भाषेत तिच्याच अन्नाची नावं घेऊन सांगितलं तर ती ऐकते, आणि वर दोन गोष्टी मला शिकवते. सफरचंदाच्या चित्राखाली उभं करून 'प्रथिनयुक्त आहार घ्या' म्हटलं की ती मान हलवते, कारण मान हलवली की सिस्टर लवकर सोडते.

भूमका म्हणजे गावातला पारंपरिक वैद्य-मांत्रिक. त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. आपल्या बैठकांत भूमका म्हटलं की लगेच अंधश्रद्धा हा शब्द येतो. बाळाचं पोट फुगलं की तापलेल्या विळ्याने पोटावर डागण्या देतात, त्याला डंबा म्हणतात. मी दहा-बारा दिवसांच्या बाळांच्या पोटावर ते चट्टे पाहिले आहेत, मलम लावताना माझे हात थरथरले आहेत. डंब्याची बाजू मी कधीच घेणार नाही. पण एक गोष्ट पाहा. रात्री बाळाचं पोट फुगलं, ते दूध ओढेना, आणि आई भूमक्याकडे गेली, तर तो तिला बसवतो. सासू, नवरा, शेजारी सगळ्यांना बसवतो. कधीपासून, काय खाल्लं, कुठे गेला होता, घरात काय झालं, सगळं विचारतो, त्यांच्या भाषेत, घाई न करता. आमच्या ओपीडीत त्याच बाईला दोन मिनिटं मिळतात आणि त्यातलं एक मिनिट केसपेपर काढण्यात जातं. ती कुठे जाईल?

मी एका भूमक्याशी वर्षभर नुसती बोलत राहिले. त्याला धमकावलं नाही, गुन्हा नोंदवीन म्हटलं नाही. बाळ दूध ओढत नसेल, अंग गार पडलं असेल, श्वास मोजून मिनिटाला साठच्या वर जात असेल, तर ते कासू विळ्याने जाणार नाही, वेळ मात्र जाईल, एवढंच त्याच्या भाषेत पुन्हा पुन्हा सांगितलं. त्याला मिनिट मोजायला घड्याळ दिलं. एका पावसाळ्यात तो स्वतः एका आजीला आणि नातवाला घेऊन उपकेंद्रावर आला. म्हणाला, याचं माझ्याकडे काही नाही, तुझ्याकडे असेल तर बघ. ते पोर आता आठवीत आहे.

हे मी एकटीने शोधून काढलं असं मुळीच नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायांना आरोग्यदूत केलं आणि घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांत हे काम झालं आणि नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. आज देशभरातल्या आशा बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात, त्याचं मूळ त्या गावांत आहे. लोकांना त्यातली औषधं आणि वजनाची झोळी आठवते. मला आठवते ती बाई, जी त्याच गावची होती आणि जिला रात्री दार वाजवून उठवता येत होतं. सर्चचा शोधग्राममधला दवाखानाही आदिवासी गावाच्या धर्तीवर झोपड्या-झोपड्यांचा बांधला आहे आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव आहे, कारण लोकांना विचारून बांधला.

तमिळनाडूत निलगिरीच्या गुडलूरला आदिवासींचं एक रुग्णालय १९९० पासून चालू आहे. तिथल्या नर्स त्याच जमातींतल्या पोरी आहेत, प्रशिक्षण देऊन घडवलेल्या. लांब कशाला, आमच्या मेळघाटातच बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी आयुष्य काढलं, लोकांच्या भाषेत बोलत. त्यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आम्ही उपकेंद्रावर पेढे वाटले. आणि डॉ. आशिष सातव यांच्या 'महान' संस्थेने मेळघाटातल्या सरकारी दवाखान्यांत समुपदेशक बसवून दाखवले आहेत. म्हणजे मी मागते आहे ते करून झालेलं आहे. मात्र ते संस्थेच्या निधीवर आणि एखाद्या डॉक्टरच्या आयुष्यावर अवलंबून राहू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. संस्था आज आहे, उद्या निधी आटला की नसेल. आकृतिबंधात, म्हणजे सरकारच्या मंजूर पदांच्या यादीत, पद असलं तर सरकार बदललं तरी ते राहतं.

आणि कृपा करून ते मानधनाचं पद करू नका. आदिवासी भागात जे काम सगळ्यात अवघड, त्यालाच मानसेवी, स्वयंसेवक, मानधन असे शब्द लागलेले मी आयुष्यभर पाहिले. दोन भाषा येणं हे कौशल्य आहे. न्यायालयात दुभाष्याला त्याचे पैसे मिळतात. वॉर्डात जीव-मरणाचं बोलणं दोन भाषांतून नेणाऱ्या बाईलाही पगार, रजा, रात्रपाळीचा भत्ता आणि बसायला खुर्ची मिळाली पाहिजे. बारावी झालेल्या कोरकू मुली गावोगाव आहेत. दिवाळीनंतर आईबापांबरोबर कामाला बाहेर पडतात आणि होळीला परततात. त्यांना इथेच, त्यांच्याच भाषेचं काम मिळू शकतं.

जी डॉक्टर पोरं बंधपत्रावर येतात त्यांच्यासाठी एक विनंती. रुजू झाल्यावर पहिले पंधरा दिवस त्यांना ओपीडीत बसवू नका, आशाताईबरोबर गावात फिरू द्या. शंभर शब्द आणि वीस वाक्यं येतील. "कुठे दुखतं", "कधीपासून", "बाळ दूध पितं का", "घाबरू नको". एवढं आलं तरी बाईचा चेहरा बदलतो. मराठवाड्याच्या त्या डॉक्टरने नंतर माझ्याकडून शिकून घेतलं. जाताना तो कोरकूत निरोप घेऊन गेला, आणि त्याला सोडायला अर्धं गाव एसटीपर्यंत आलं होतं.

आणखी एक, यात पैसा लागत नाही. 'पालकांनी उपचारास नकार दिला' या ओळीखाली दोन ओळी वाढवा: कोणत्या भाषेत समजावलं, आणि कुणी समजावलं. ते रकाने कोरे राहिले तर सही चालणार नाही असं परिपत्रक काढा. सहा महिन्यांनी ते कागद मागवून वाचा. मला माझ्या अनुभवावरून खात्री आहे की नकार कमी झालेले दिसतील.

मेळघाटाचं मी लिहिलं कारण मला तेच माहीत आहे. पण भामरागडला माडिया बोलतात, यवतमाळकडे कोलामी, आणि या दोन्ही द्रविड कुळातल्या, म्हणजे तिथलाही प्रश्न हाच. धडगाव-अक्कलकुव्यात पावरी आणि भिली आहेत. केंद्राच्या पीएम-जनमन योजनेत कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या आपल्या तीन जमातींसाठी फिरते दवाखाने आहेत. त्या गाडीत डॉक्टर, नर्स, ड्रायव्हर असतील. चौथी जागा भाषा येणाऱ्या बाईची ठेवा.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंही तसंच. जुलै २०२३ मध्ये शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, सात कोटी लोकांची तपासणी ठरली. आमच्याकडे तपासणी त्याच्या बरीच आधीपासून होती. या आजारात सुई टोचण्याइतकंच समजावणं महत्त्वाचं. वाहक वेगळा, रुग्ण वेगळा. वाहक असलेली मुलगी धडधाकट असते, फक्त नवराही वाहक असला तर बाळाला धोका असतो. ही गोष्ट मला मराठीत सांगतानाही दोनदा सांगावी लागते. ती न सांगता नुसतं तपासणीचं कार्ड हातात दिलं की काय होतं ते मी पाहिलं आहे. एका पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं, कारण कार्ड आहे म्हणजे आजार आहे असं सगळ्यांनी धरलं. ती पोर मला म्हणाली, "बाई, मला काय झालंय?" तिला काहीच झालेलं नव्हतं.

माझ्याकडे तीन वह्या आहेत. १९९२ पासून लिहीत आले. दाईने सांगितलेले शब्द, बायांनी सांगितलेली दुखणी, कोणत्या प्रश्नाला कुठे अडायचं, कोणती गोष्ट सासूसमोर विचारायची नाही, असं सगळं. दाई २००८ साली गेली, तिचा आवाज माझ्यापुरता या वह्यांतच उरला आहे. पहिल्या पानावर चार शब्द आहेत: दा, उरा, कोन, कासू. वह्या छापायच्या असतील तर छापा, माझं नाव घालू नका, कारण शब्द माझे नाहीत. छापण्याआधी मात्र दोन-चार कोरकू बायांना वाचून दाखवा, माझ्या चुका त्या काढतील.

पुढच्या तुकडीचं प्रशिक्षण धारणीला असो की अमरावतीला, मला बोलावलंत तर परतवाड्याहून सकाळच्या एसटीने येईन. वह्या बरोबर आणीन. गुडघे दुखतात, पण खुर्चीवर बसून शिकवता येतं.

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्यसेविका
परतवाडा, जि. अमरावती